नाव मुधोळचं, कुत्रं माळाचं

पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी वारला. तरीही मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी १९३७ मध्ये त्याला शिकारी कुत्र्यांची जोडी नजर केली, असं वर्षानुवर्षं छापलं जातं. एक तर साल चुकलं आहे, नाही तर राजा. जोडी विलायतेला गेली एवढं मात्र धरून चालायला हरकत नसावी. संस्थानिकानं बादशहाला दिलेल्या वस्तूला संस्थानचं नाव चिकटतं, तसं ते या कुत्र्यालाही चिकटलं. आज देशभर त्याला मुधोळ हाउंड म्हणतात.

मुधोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. तिथून नकाशावर जवळजवळ सरळ उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटर आलं की केम लागतं. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर, पुण्याहून येताना कुर्डुवाडीच्या अलीकडचं स्टेशन. गावाची ख्याती कुंकवाची आणि उत्तरेश्वराची. कुत्र्यांसाठी केमला कुणी ओळखत नाही. पण गावाबाहेर पडून करमाळ्याच्या अंगाला निघा: मुरमाड माळ, मधूनच ज्वारीचं रान, एखाद-दुसरी बाभूळ, आणि नजर टाकाल तिथपर्यंत उघडं. मुधोळपासून इथपर्यंत, पूर्वेला धाराशिव-लातूर आणि पश्चिमेला सांगलीच्या जत-आटपाडीपर्यंत सगळी जमीन थोड्याफार फरकानं अशीच आहे. पावसाची ओढ असलेला, झाडोरा नसलेला प्रदेश. या कुत्र्याचा खरा मुलूख हा. मुधोळ त्याच्या दक्षिण टोकाचं एक गाव. म्हणून मला संस्थानी नावापेक्षा महाराष्ट्रातलं जुनं नाव बरं वाटतं: कारवानी. अंगावर मऊ लांब केस असतील, कानाला-शेपटीला झालर असेल, तर तोच पश्मी.

कारवानी नाव पडलं ते कारवाँवरून, म्हणजे व्यापाऱ्यांच्या काफिल्यावरून. हे कुत्रं मुळात इथलं नाही, वायव्येकडून पठाण, अरब, इराणी व्यापाऱ्यांबरोबर उतरलं, असं जुनी माणसं सांगतात. लेखी पुरावा म्हणावा असा नाही. पण अंगलट पाहिली तर गोष्ट पटते. अरबस्तानातला सलूकी, अफगाण-मध्य आशियातला ताझी आणि आपला पश्मी शेजारी उभे केले तर तिघं एकाच आईची लेकरं वाटावीत. आणि वाट तर होतीच. बहामनी सुलतानांना घोडे हवे असत, ते दख्खनच्या हवेत नीट निपजत नसत, म्हणून इराण-अरबस्तानातून समुद्रमार्गे चौल-दाभोळला उतरत. रशियाचा अफनासी निकितीन हा व्यापारी १४७० च्या आसपास असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरवरून बिदरला गेला. जुन्नर ते बिदर रेघ ओढली तर ती करमाळा, परांडा या टापूच्या आसपासून जाते. परांड्याचा किल्ला तर पुढे काही काळ निजामशाहीची राजधानीही होता. घोड्यांबरोबर त्यांना सांभाळणारे मोतद्दार आले, मोतद्दारांबरोबर कुत्री आली असणार. काफिल्याला रात्री राखण लागते आणि दिवसा कालवणाला ससा लागतो. दोन्ही कामं एकच प्राणी करत असेल तर त्याला कोण मागे ठेवील?

याचा अर्थ त्याआधी इकडे कुत्री नव्हती असा नाही. श्रीरामपूरजवळच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या रथात दोन बैल जुंपलेले आहेत, सारथी उभा आहे, आणि रथाच्या दांडीवर कुत्रं उभं आहे. साडेतीन-चार हजार वर्षांमागच्या त्या कारागिराला कुत्र्याशिवाय गाडी पुरी वाटली नाही. खंडोबाच्या घोड्यापाशीही कुत्रा असतोच, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री मानतात, भुंकत कोटंब्यातला नैवेद्य खातात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्यानं धन्याला वाचवल्याचं सांगतात. यातलं कुठलं कुत्रं कारवानी होतं हे सांगण्याच्या फंदात मी पडणार नाही. प्रत्येक ऐतिहासिक कुत्र्याला मुधोळ ठरवण्याची हौस हल्ली फार वाढली आहे.

बाहेरून आलेलं रक्त इथल्या माळानं आपल्या मापाचं करून घेतलं, हे महत्त्वाचं. दाट जंगलात कुत्रं वासावर शिकार करतं. उघड्या माळावर ते नजरेवर करतं. ससा उठला की तो दिसत असतो, आणि त्याला गाठायचं ते पहिल्या काही मिनिटांत. नाही तर तो बांधाआड गेला. या एका गरजेतून कारवान्याचा सगळा देह घडला आहे. डोकं लांब आणि अरुंद, डोळे कडेपर्यंत पाहणारे. छाती खोल, कारण मोठी फुप्फुसं आणि मोठं काळीज मावायला हवं. पोट मात्र पाठीला लागलेलं. मान लांब, कमरेवर हलकी कमान, शेपटी चाबकासारखी निमुळती. भरधाव पळताना ते एका ढांगेत दोनदा जमिनीवरून पुरतं सुटतं: एकदा चारही पाय पोटाखाली आवळलेले असताना आणि एकदा चारही पाय ताणलेले असताना. नर खांद्यापर्यंत सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरतो, आणि एवढ्या उंचीला वजन वीस ते अठ्ठावीस किलोच. बरगड्या दिसतात. शहरातला पाहुणा हमखास विचारतो, ‘याला खायला घालत नाही का?’

स्वभावानं ते राखून असतं. घरातल्या एक-दोघांवर जीव, बाकीच्यांकडे दुर्लक्ष. परक्यानं डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. बहुधा ते चावत नाही, बाजूला होतं. बैस, ऊठ, हात दे असले खेळ त्याच्याकडून करून घ्यायला जाल तर ते तुमच्याकडे पाहून दुसरीकडे बघायला लागेल. हा मठ्ठपणा नव्हे. ज्याला शिकारीत मालकाला विचारायला वेळच नसतो, तो प्राणी हुकमाची वाट बघणारा कसा होईल? जर्मन शेफर्ड मेंढ्या वळवताना मेंढपाळाकडे बघत आला. कारवानी सशाकडे बघत आला.

ही जात टिकवली ती धनगरांनी, पारध्यांनी, कोरडवाहू शेतकऱ्यांनी. त्यांच्याकडे वंशावळीचं चोपडं नव्हतं. निवड साधी होती: चांगली पळणारी कुत्री चांगल्या पळणाऱ्या कुत्र्याला दाखवायची, पिल्लं आपसात वाटायची, आणि जे पिल्लू भाकरी-ताकावर, उन्हात, गोचिडीत जगेल ते आपलं. निर्दय पद्धत, पण अशा निवडीतून निघालेलं कुत्रं काटक असतं. लातूर जिल्ह्यातल्या जानवळसारख्या गावांत ही पैदास पुढे धंदाही झाली.

कागदावर नाव चढवणारे मागून आले. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचं भारतीय कुत्र्यांवरचं इंग्रजी पुस्तक मुंबईहून १९६३ मध्ये निघालं. विलायती कुत्र्याशिवाय दुसरं कुत्रं म्हणजे गावठी, असं मानण्याच्या काळात एका मराठी माणसानं हे काम केलं, याची आठवण फारशी कुणी ठेवलेली नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी जात कारवान हाउंड नावानं आहे, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी मुधोळ हाउंड. एकाच कुत्र्याचे दोन दाखले. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्लं २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या शिक्षणकेंद्रात गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतलं आणि पिल्लांचे भाव चढले. या सगळ्यात कर्नाटक सरकारनं मेहनत घेतली, हे मान्य करायला हवं. आपल्याकडे अर्धा मुलूख असून आपण नावावर रुसत बसलो.

देशी जात नोंदवून टिकवण्याचं काम नेमकं कसं करावं, याचा धडा जपानकडे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथंही तीच गत होती. उत्तरेकडच्या अकिता प्रांतातले मातागी शिकारी अस्वलामागे कुत्री सोडत. पुढे झुंजींच्या नादानं त्यात तोसा आणि विलायती मास्टिफ मिसळले, आणि मूळ कुत्रं ओळखू येईना. गावातली छोटी कुत्रीही संकरात विरघळत चालली होती. १९२८ मध्ये साइतो हिरोकिची यांनी जपानी कुत्र्यांच्या जतनासाठी संस्था काढली. माणसं डोंगरातल्या खेड्यांत जाऊन कुत्री पाहून, मोजून, नोंदवून आली. १९३१ मध्ये अकिताला सरकारनं निसर्गस्मारक म्हणून जाहीर केलं. मग काई आणि किशू, १९३६ मध्ये शिबा, १९३७ मध्ये शिकोकू आणि होक्काइदो. सहा-सात वर्षांत काम उरकलं. दरम्यान मेलेल्या प्राध्यापक उएनोंची शिबुया स्टेशनवर वर्षानुवर्षं वाट पाहणारा हाचिको हा अकिता देशभर गाजला, १९३४ मध्ये जिवंतपणीच त्याचा पुतळा झाला. त्याच्या कीर्तीचा जातीला फायदा झालाच. तरी पुढच्या महायुद्धात खायची चणचण आणि साथीचे रोग यांनी बहुतेक कुत्री गेली. आजचे शिबा तीन उरलेल्या घराण्यांतून पुन्हा उभे केलेले आहेत. नोंदी होत्या म्हणून ते जमलं.

आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत शिबा दिसतो. वजन आठ-दहा किलो, कोल्ह्यासारखं तोंड, पाठीवर गुंडाळलेली शेपटी. दिसायला गोड, पण त्याच्या अंगावर थंडीसाठी दुहेरी लोकर असते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो एसीच्या वाऱ्याखाली दिवस काढतो. अकिताचं तर मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या परिपत्रकानं हिंस्र जातींच्या यादीत नाव घातलं. पुढच्या महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. करमाळ्याच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या तापलेलं कुत्रं सोडून लाखभर रुपये घालून डोंगरातलं जपानी कुत्रं आणणाऱ्यांना काय म्हणावं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

कारवान्याची अडचण वेगळीच आहे. त्याचं काम गेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काळवीट तर सोडाच, ससा धरणंही गुन्हा झालं, आणि ते योग्यच झालं. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, त्याच्या मूळ ८,४९६ चौरस किलोमीटरमध्ये करमाळा तालुक्याचाही भाग होता. दुसरीकडे उजनीचं पाणी आलं, भीमेकाठी ऊस उभा राहिला. उसात नजर चालत नाही, त्यामुळे नजरेवर पळणाऱ्या कुत्र्याला तिथं करण्यासारखं काही नाही. केमसारख्या गावातला माणूस आता कारवानी ठेवतो तो वस्तीच्या राखणीला किंवा शर्यतीच्या हौसेला. शिकारीला सोडत नाही. निदान उघडपणे नाही. अभयारण्याच्या कडेला असं कुत्रं मोकळं सोडणं हा माळढोकाच्या आणि खोकडाच्या जिवाशी खेळ आहे, हेही पाळणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

पाळायचंच असेल तर थोडं सांगतो. फ्लॅटच्या गॅलरीत बांधून ठेवण्याचं हे कुत्रं नव्हे. रोज एकदा तरी कुंपण घातलेल्या रानात जीव तोडून पळू द्यावं, नाही तर ते घरातली गादी फाडतं. सतत साखळीला ठेवलं तर बिथरतं. कातडी पातळ, खाली चरबी नाही. बाभळीचा काटा लागला तर चिरा पडतात आणि माघाच्या थंडीत ते कुडकुडतं, तेव्हा गोणपाटाची झूल पुरते. ज्वारीची भाकरी, ताक, कण्या यांवर पिढ्या निघाल्या, पण पळणाऱ्या कुत्र्याला अंडी, मटणाचे तुकडे द्यायला हवेत. एकदम पोटभर घालून पळायला सोडू नये. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो आणि तासाभरात खेळ संपू शकतो. रेबीज, डिस्टेंपर, पार्वोच्या लशी गावठी म्हणून टाळू नयेत. गोचिडताप मेंढ्यांच्या वाड्यापाशी हमखास येतो. आणि शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर डॉक्टरांना कुत्रं ग्रेहाउंडच्या कुळातलं आहे हे आधी सांगावं. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध या कुळात लवकर उतरत नाही, आणि नेहमीच्या हिशेबानं दिलेला डोस अंगाशी येतो.

पिल्लू घ्यायला गेलात तर विकणारा मुधोळचं सर्टिफिकेट आधी दाखवील. ते बाजूला ठेवून त्याला आई आणायला सांगा, आणि तिला माळावर एकदा पळवून दाखव म्हणावं.