एक नाव, दोन मिती : कण-सदृशीकरणातील ‘ताठरता’

पारिभाषिक संज्ञेने एका अर्थाशी एकनिष्ठ राहावे, ही शास्त्रीय लेखनाची मूलभूत अपेक्षा होय. ती भंगते तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण कण-सदृशीकरणाच्या इतिहासात सापडते.

वाळू, धान्य यांसारख्या कणमय द्रव्याचे संगणकावर सदृशीकरण करताना दोन कण परस्परांत किंचित घुसू दिले जातात व त्या घुसणीवरून त्यांना दूर लोटणारे बल काढले जाते. हे बल ठरविणारा प्रमुख प्राचल म्हणजे संपर्क-ताठरता. या कल्पनेमागे दोन भिन्न परंपरा आहेत. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार बल हे विस्थापनाच्या प्रमाणात असते. म्हणून तेथे ताठरतेची मिती ‘बल भागिले अंतर’ अशी येते. हाइनरिख हर्ट्झ याने १८८२ मध्ये दाखवून दिले की, दोन गोल परस्परांवर दाबले असता स्पर्शक्षेत्रच वाढत जाते व बल घुसणीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. येथे ताठरता स्थिर राहत नाही. स्थिर राहतो तो द्रव्याचा गुणांक, आणि त्याची मिती दाबाची असते.

कंडॉल व स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये ‘जिओटेक्निक’ या नियतकालिकात विविक्त कणांची पद्धत मांडली, तेव्हा ‘के-एन’ ही खूण रेषीय ताठरतेसाठी होती. पुढे सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झालेल्या व २००४ पासून मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध असलेल्या ‘लॅम्प्स’ या प्रणालीत हूक व हर्ट्झ या दोन्ही प्रतिमानांना ‘के-एन’ हेच नाव मिळाले. मितिभेदाचा खुलासा माहितीपुस्तिकेत आहे. नावात मात्र नाही.

परिणाम लहान नाही. एक मिलिमीटर त्रिज्येचे दोन गोल एक मायक्रोमीटर घुसले आहेत आणि ‘के-एन’चे मूल्य एक कोटी आहे, असे मानू. मीटर-न्यूटन एककांत हूकच्या सूत्राने बल १० न्यूटन येते. हर्ट्झच्या सूत्राने सुमारे ०.०००२२ न्यूटन. अंक तोच, नाव तेच, आणि फरक जवळजवळ ४५,००० पट. शिवाय हर्ट्झच्या रूपातील ‘के-एन’ म्हणजे यंग गुणांकही नव्हे. पॉयसाँ गुणोत्तर विचारात घेऊन तो त्यावरून काढावा लागतो.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ संसर्ग, साहचर्य, प्रकरण इत्यादींवरून निश्चित होतो, असे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त सांगितले आहे. मानवी वाचक हे साहाय्य सहज घेतो. यंत्राला प्रकरण कळत नाही. ते दिलेला अंक निमूटपणे स्वीकारते आणि चुकीचे उत्तरही बिनचूक आकड्यांत देते. याच प्रणालीत पुढे आलेल्या एका सर्वसमावेशक रूपात हर्ट्झ प्रतिमानाला द्रव्याचे गुणांक थेट पुरविण्याचा स्वतंत्र, निराळ्या नावाचा पर्याय देण्यात आला. तथापि ‘के-एन’ची जुनी द्व्यर्थता तेथेही उरली आहेच.

मराठी परिभाषेपुढील प्रश्न येथेच उभा राहतो. दोन्ही ठिकाणी ‘ताठरता’ योजल्यास परकीय खुणेतील संदिग्धता आपण आपल्या भाषेत कायम करू. म्हणून ‘ताठरता’ हा शब्द बल-अंतराच्या गुणोत्तरासाठी राखून ठेवावा व दाबाची मिती असलेल्या राशीस ‘संपर्क-गुणांक’ म्हणावे, असे सुचवावेसे वाटते.