पिशवीवर भरलेल्या दहा ओळी पुरावा म्हणून कशा वाचायच्या?

ज्यांनी स्वतःबद्दल कागद मागे ठेवले नाहीत, त्यांचा इतिहास लिहायचा कशावरून? संशोधनाची तयारी करताना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आज त्यासाठी एक उदाहरण घेऊ: अमेरिकेतली ‘अ‍ॅशलीची पिशवी’.

ही एकोणिसाव्या शतकातली साधी सुती पिशवी, साधारण धान्याच्या पोत्यासारखी. २००७ मध्ये ती टेनेसी राज्यातल्या जुन्या बाजारात सापडली. रूथ मिडलटन या कृष्णवर्णीय स्त्रीने १९२१ मध्ये तिच्यावर रंगीत धाग्यांनी दहा ओळी भरल्या आहेत. आशय असा: नऊ वर्षांच्या अ‍ॅशलीला दक्षिण कॅरोलायनात विकलं, तेव्हा तिची आई रोझ हिने ही पिशवी तिला दिली. आत एक फाटका झगा, तीन मुठी पेकन (अक्रोडासारखी फळं) आणि रोझच्या केसांची वेणी. पिशवी माझ्या मायेने कायम भरलेली असेल, असं रोझने सांगितलं. मायलेकी पुन्हा कधी भेटल्या नाहीत. रोझ रूथची पणजी, अ‍ॅशली आजी.

आता कागद बघू. मानववंशशास्त्रज्ञ मार्क ऑस्लँडर आणि इतिहासकार टाया माइल्स यांनी मालकांच्या नोंदी धुंडाळल्या. रोझ हे नाव पुष्कळदा येतं, अ‍ॅशली मात्र क्वचित. चार्ल्सटनचा रॉबर्ट मार्टिन १८५२ मध्ये वारला. त्याच्या मालमत्तेच्या नोंदींत दोन्ही नावं मिळतात. रोझची किंमत ७०० डॉलर, अ‍ॅशलीची ३००. याच त्या दोघी असाव्यात, हा तर्क भक्कम आहे, पण तर्कच.

इथे जरा थांबा. त्या नोंदींत किंमत आहे, नातं नाही. नातं सांगतं ते फक्त कापड. उलट, कागद नसते तर कापडाला शहर आणि काळ मिळाला नसता.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. विक्री आणि भरतकाम यांत सुमारे सत्तर वर्षं आहेत. म्हणजे ही डोळ्यांदेखतची नोंद नव्हे, कुटुंबाने जपलेली आठवण आहे. काय जपलं, हाच पुरावा. दुसरं, रोझचं बोलणं रूथने बोलीतच ठेवलंय. असा मजकूर उतरवताना व्याकरण ‘सुधारू’ नका. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला आवाज तिथेच उरलेला असतो.

आपल्याकडे भांड्यांवर नाव-तारीख घालतातच की. पुढच्या वेळी ती नुसती वाचू नका. कोणी, कधी, कोणासाठी घातली, तेही विचारा.