गोळ्या त्याच, पेटी बदलली

'पोरं मोबाईलवर गोळ्या झाडत बसतात, म्हणून बिघडतात' ही चर्चा परवा आमच्या चौकात पुन्हा रंगली. मी गप्प बसलो. कारण कॉलेजात असताना लेक्चरं बुडवून कॅफेत काउंटर-स्ट्राइक मीही खेळलोय. पण घरी आल्यावर वाटलं, अरे, गोळ्या तर तेव्हाही होत्या. मग बदललं काय? तेवढंच लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

१९९२ चा वुल्फेन्स्टाइन आणि १९९३ चा डूम. पडद्यावर फक्त आपला हात आणि बंदूक, बाकी सगळं आपल्या डोळ्यांनी बघतोय असं. डूममध्ये मान वर-खाली करताच यायची नाही. राक्षस माडीवर असला तरी बंदूक फक्त त्याच्या रेषेत आणायची, गोळी आपोआप वर जायची. तब्येत आकड्यात, १००. घटली की औषधाची पेटी शोधायची, ती २५ ने वाढवायची. नाही सापडली तर तसंच पुढे जायचं.

१९९६ च्या क्वेकने माउसने चौफेर बघायची सवय लावली. पायाशी रॉकेट फोडून त्याच्या धक्क्याने उंच उडी मारायची युक्ती पोरांनी त्यातच गाजवली. थोडा जीव जायचा, पण वरची जागा मिळायची!

मग काउंटर-स्ट्राइक. १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफ या गेमवर हौसेने रचलेला खेळ. यात एकदा मेलात की फेरी संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. पहिल्या फेरीला हातात ८०० डॉलर, अर्थात खेळातले. एके-४७ ला २५०० लागायचे. म्हणजे ही फेरी पिस्तुलावर काढायची, की पैसे साठवायचे, यावर कॅफेत अक्षरशः भांडणं व्हायची. पळत पळत गोळी झाडली तर नेम चुकणार, हेही ठरलेलं. माझ्या मते नियमांच्या बाबतीत इतका घट्ट खेळ नंतर क्वचितच झाला. (वयाचा दोष असेल.)

२००१ च्या हेलोने दोनच बंदुका बाळगायची मर्यादा घातली आणि आडोशाला थांबलं की आपोआप भरणारं कवच दिलं. २००५ च्या कॉल ऑफ ड्यूटी २ ने औषधाची पेटीच काढून टाकली. भिंतीमागे थोडं थांबा, ठणठणीत व्हा.

पण खरं वळण २००७ चं. मॉडर्न वॉरफेअरमध्ये ऑनलाइन खेळताना गुण साठायचे आणि ५५ पायऱ्या चढत नव्या बंदुका मिळायच्या. शिखरावर पोचलात की सगळं सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर या, बदल्यात एक बिल्ला घ्या. आता मॅच संपली तरी खेळ संपेना.

२०१३ मध्ये पेटी परत आली, औषधाशिवाय. काउंटर-स्ट्राइकच्या नव्या आवृत्तीत कुलूपबंद पेट्या मिळू लागल्या. किल्ली साधारण अडीच डॉलरला, खरे डॉलर. आत काय निघेल ते नशिबावर. निघतो तो बंदुकीवरचा रंग, त्याने गोळी काही जास्त लागत नाही. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, मटका. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगारच ठरवलं.

आपण काय केलं? सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, ती चिनी ॲप म्हणून. २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. पैसे टाकून नुसता रंग काढणाऱ्या पोराचं काय, ते कुणी बोलत नाही.

हे मला सुचलं त्याला कारण आहे. माझ्या बहिणीच्या खात्यातून थोडे थोडे करत बरेच पैसे गेले. गेमचं नाव घेत नाही. भाचा रडत म्हणाला, 'मामा, पुढच्या पेटीत नक्की निघणार होतं.'

गेल्या रविवारी त्याला जुना डूम लावून दिला. पहिली पातळी संपवून त्याने विचारलं, 'आता मिळणार काय?'

म्हटलं, 'दुसरी पातळी.'

बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग खेळला.