टेनिसचा स्कोअर कसा वाचायचा? १५, ३०, ४० चा हिशेब

कुंभिवलीपासून खोपोली-कर्जतपर्यंत कुठल्याही मैदानावर टेनिसचा बॉल सापडेल, पण तो क्रिकेटसाठी. खरं टेनिस आपल्याकडे टीव्हीवरच बघायचं. सानिया मिर्झामुळे कितीतरी घरांत ते बघितलंही गेलं, पण 'थर्टी-लव्ह' म्हणजे नेमकं पुढे कोण, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. म्हणून हा हिशेब इथे जरा सविस्तर देत आहे.

पॉइंट मिळून गेम होतो, गेम मिळून सेट, सेट मिळून मॅच. क्रिकेटमध्ये धावांची बेरीज शेवटपर्यंत चालते, इथे तसं नाही. गेम संपला की त्यातले पॉइंट तिथेच राहिले. पुढचा गेम दोघांनाही शून्यापासून. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं अवघड नाही.

शून्याला 'लव्ह' म्हणतात, म्हणजे आपला सिफर. पहिला पॉइंट १५, दुसरा ३०, तिसरा ४०, आणि चौथा जिंकला की गेम. ज्याची सर्व्हिस, त्याचा आकडा अंपायर आधी सांगतो. म्हणजे 'थर्टी-लव्ह'मध्ये सर्व्हिस करणारा पुढे आणि 'लव्ह-थर्टी'मध्ये तोच अडचणीत. एका गेममध्ये सर्व्हिस एकाचीच, पुढच्या गेममध्ये समोरच्याची.

मुलं लगेच विचारतात, १५-१५ ने वाढतं तर ४५ का नाही? जुन्या फ्रेंच खेळात हा आकडा ४५ होता आणि पुकारताना तो छोटा होऊन ४० झाला, असं मानतात. घड्याळाच्या काट्याची गोष्टही सांगितली जाते, तिला पक्का पुरावा नाही. पाढ्यासारखं पाठ करावं, हे बरं.

दोघेही ४० वर आले की 'ड्यूस'. इथून सलग दोन पॉइंट घ्यावे लागतात. पहिला घेतला की 'ॲडव्हांटेज', त्यानंतरचा गमावला की परत ड्यूस. ही ये-जा कितीही वेळ चालू शकते आणि खरी मजा इथेच असते.

सेटसाठी सहा गेम लागतात, पण फरक दोनचा हवा. ६-४ चालतं. ६-५ झालं तर ७-५ करावं लागतं. ६-६ झालं की टायब्रेक. त्यात १, २, ३ अशी साधी मोजणी, आधी सात पॉइंट आणि पुन्हा दोनचा फरक. पहिल्या पॉइंटला एकाची सर्व्हिस, मग दोघांना आळीपाळीने दोन-दोन. १९७० मध्ये यूएस ओपनने टायब्रेक सुरू केला, कारण त्याआधी सेट संपता संपत नसत. विम्बल्डनमध्ये शेवटच्या सेटला तो बरीच वर्षं नव्हता. तिथे २०१० मध्ये इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ पर्यंत गेला. मॅच तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं चालली! २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६-६ झालं की दहा पॉइंटचा टायब्रेक असतो. या स्पर्धांत पुरुष एकेरीत पाचपैकी तीन सेट जिंकावे लागतात, महिलांना तीनपैकी दोन.

आता पेपरात छापलेला स्कोअर वाचू. घाट चढून पुण्याला गेलं की बालेवाडी. तिथे जानेवारी २०१९ मध्ये महाराष्ट्र ओपनची फायनल झाली. केविन अँडरसनने इव्हो कार्लोविचला हरवलं: ७-६ (४), ६-७ (२), ७-६ (५). जिंकणाऱ्याचा आकडा नेहमी आधी. कंसातला आकडा म्हणजे तो टायब्रेक हरणाऱ्याचे पॉइंट. म्हणजे टायब्रेक ७-४, २-७ आणि ७-५ असे गेले. बेरीज करून बघा, दोघांचे १६-१६. टायब्रेक सोडले तर गेमही १८-१८. तरी ट्रॉफी एकाचीच, कारण कार्लोविचचे सात पॉइंट एकाच टायब्रेकमध्ये गेले आणि अँडरसनचे सात-सात दोन टायब्रेकमध्ये.

यापेक्षा कठोर उदाहरण त्याच वर्षीच्या विम्बल्डन फायनलचं. फेडररने २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. चॅम्पियन जोकोविच.

याच नियमाची दुसरी बाजू सानियाने दाखवली. ११ जुलै २०१५, विम्बल्डन महिला दुहेरीची फायनल. सानिया आणि मार्टिना हिंगिस पहिला सेट ५-७ हरल्या, दुसरा ७-६ (४) जिंकल्या, आणि तिसऱ्यात मकारोवा-वेस्निना ५-२ ने पुढे गेल्या. त्यांना फक्त एक गेम हवा होता. टेनिसमध्ये वेळ संपत नाही, षटकंही संपत नाहीत. तो एक गेम जिंकावाच लागतो. तो त्यांना मिळाला नाही. ५-५ वर उजेड कमी झाला म्हणून छत बंद करण्यात आलं, आणि सानिया-हिंगिसने सलग पाच गेम घेऊन सेट ७-५ केला. तिन्ही सेटचे गेम मोजले तर १९-१८.

दुहेरीची मॅच बघताना एक लक्षात ठेवा. ग्रँड स्लॅम सोडून टूरवरच्या इतर स्पर्धांत ड्यूसला एकाच पॉइंटवर गेमचा निकाल लागतो, आणि एक-एक सेट बरोबरीत सुटला की तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक खेळतात. तिथे २-५ वरून परत यायला तिसरा सेटच नसतो.