गारपगारी, छप्पर आणि पंचनामा



गारपीट झाली की आपण पहिल्यांदा विचारतो, "गहू किती गेला? हरभऱ्याचं काय झालं?" ते बरोबरच आहे. पण ज्या घरात बसून हा हिशेब मांडायचा, त्या घराचे छप्पर शाबूत असेल तर ना! आज आपण गारांपासून बचाव करण्याच्या जुन्या रीतींचा इतिहास पाहू, आणि त्यातून घरधन्याने काय उचलावे तेही पाहू.

विदर्भातल्या गावांत एके काळी 'गारपगारी' असे. हा नाथपंथी जोग्यांपैकी. गावावर येणाऱ्या गारा परतवणे हे त्याचे वंशपरंपरेचे काम, आणि त्याबद्दल शेतकरी त्याला ठरावीक धान्य देत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या गारपगाऱ्याची हकीकत आहे. रात्री आभाळात धूर आणि जाळ मिसळल्यासारखा काळा-तांबडा रंग दिसला, की गारा येणार हे तो ओळखी. मग हातात तलवार घेऊन तो मारुतीपुढे उभा राही. आधी विनवणी करी. देव ऐकेना, तर धमकी देई, "मी इथंच जीव देतो!" पूर्वी तो अंगावर वारही करून घेई असे म्हणत. ग्रंथ लिहिला गेला त्या काळी मात्र बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर भागत होते.

हे ऐकून कुणाला हसू येईल. पण असे प्रयत्न केवळ आपल्याकडेच झाले असे नाही, बरं का! १८९६ साली ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टीगर नावाच्या द्राक्षमळेवाल्याने ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. पाहता पाहता हा नाद इटलीपर्यंत पसरला. पुढे सरकारी चाचण्या झाल्या, तेव्हा तोफांनी गार थांबत नाही असे दिसून आले. तलवारीने नाही आणि तोफेनेही नाही.

असे का, ते समजायला गार कशी होते हे पाहिले पाहिजे. जमीन तापली की दमट हवा जोराने वर चढते आणि डोंगराएवढे ढग उभे राहतात. उंचावर पाणी गोठणबिंदूखाली जाऊनही थेंबांच्याच रूपात तरंगत असते. बर्फाचा एखादा कण सापडला की ते त्याला चिकटून गोठते. खालून येणारा वारा त्या कणाला उचलून धरतो तोवर थरावर थर चढतात, आणि वजन पेलेनासे झाले की गार सुटते. दोन इंच जाडीची गार ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने खाली येते. अशा ढगापुढे माणसाची तोफ ती काय!

या वेगाचा अर्थ ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबादजवळ कळला. त्या एका गारपिटीत २४६ माणसे दगावली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीच्या बळींचा हा उच्चांक आहे. आपल्या हवामान खात्याचे त्या काळचे प्रमुख जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या काळातल्या ५९७ गारपिटींचा अभ्यास केला. त्यांपैकी १५३ वेळा गारा तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या होत्या. म्हणजे दर चार गारपिटींत एक कौल फोडणारी!

आता आपल्या छपराकडे वळू. पावसाळ्याआधी, वैशाखात घर शाकारायची आपली रीत. ती मृगासाठी बांधलेली आहे. पण महाराष्ट्रात गारा बहुधा माघ ते वैशाख या काळात, दुपार कलल्यावर येतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राला गारांनी झोडपले, ते याच दिवसांत. म्हणजे शाकारणी होण्याआधीच, छप्पर वर्षभराचे जुने झालेले असताना गार येते. म्हणून छपराची एक तपासणी संक्रांत झाली की करावी.

छपरे कशी बदलली तेही पाहा. मराठवाड्यातले मातीचे धाबे गारांना दाद देत नसे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींसह तीच जड छपरे कोसळली आणि हजारो माणसे गेली. एका संकटातली ढाल दुसऱ्या संकटात काळ ठरली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ते सुबक कौल आपल्याकडेही रुळले. ते हलके, पण मोठ्या गारेने तडकते. लोखंडी पत्रा फुटत नाही, त्याला पोचे पडतात. त्याचा खरा शत्रू गारांबरोबर येणारा वारा. वर नुसते धोंडे ठेवलेला पत्रा उडतो, आणि धोंडाही खाली येतो. पत्रा आकड्यांनी आणि बोल्टांनी वाशाला आवळलेला हवा. सिमेंटचा ॲस्बेस्टॉस पत्रा मात्र फुटतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तुकडे ओले करून, बारीक धूळ अडवणारा मास्क लावून, न मोडता उचलावेत.

घरात शंभर कौलांमागे पाचसात जादा ठेवावीत. एक ताडपत्री आणि दोर हाताशी असावा. पन्हळी साफ असाव्यात, नाहीतर साचलेल्या गारा वितळून पाणी भिंतीत मुरते. गारा पडू लागल्या की खिडकीपासून दूर, पक्क्या छताखाली किंवा खाटेखाली बसावे. गोठ्याकडे धावावेच लागले तर डोक्यावर पाट किंवा परात घ्यावी. गारा थांबल्यावर ओल्या छपरावर लगेच चढू नये. पाणी विजेच्या तारांपर्यंत गेले असेल, तर कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करता येत असेल तरच करावा; नाहीतर वायरमनला बोलवावे. आधी धान्य हलवावे, मग ताडपत्री. मोडतोड उचलण्यापूर्वी फोटो काढावेत, तलाठ्याला कळवावे आणि पंचनाम्यात पिकाबरोबर घराचे नुकसानही लिहून घ्यावे. गारपीट सरकारी मदतीस पात्र आपत्तींत मोडते. पण शेताची नोंद होते आणि घराची राहून जाते, असे घडू देऊ नये.

गारपगाऱ्याची तलवार गेली, ते ठीकच झाले. पण त्या प्रथेत दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. आभाळावर नजर ठेवायला गावाने एक माणूस नेमलेला होता, आणि संकटाच्या नावाने प्रत्येक घर आपला वाटा देत होते. आज हवामानाचा इशारा रेडिओवर आणि मोबाईलवर येतो. पण भर दुपारी शेतात असलेल्या माणसापर्यंत तो पोचवणार कोण? आणि ज्या म्हातारीच्या घरावर चढायला कुणी नाही, तिचे छप्पर कोण झाकणार? शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला सांगावा. दोन माणसे नेमावीत, चार ताडपत्र्या आणि शेदोनशे कौले पंचायतीच्या खोलीत ठेवावीत. गार परतवणे कुणालाच साधले नाही. तिच्या दुसऱ्या दिवशी गावातले एकही घर उघडे न राहणे, हे मात्र आपल्या हातचे आहे.