देवळालीचा ताप

आमच्या घराण्यात दारू हा विषय आजवर दोनदाच निघाला. पहिल्यांदा आजोबांच्या दम्यावर डॉक्टरांनी हिवाळ्यात चमचाभर ब्रँडी सांगितली तेव्हा. ती बाटली आजीने देव्हाऱ्याखालच्या कपाटात गंगाजलाच्या गडूमागे ठेवली होती आणि घोटाळा होऊ नये म्हणून दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दुसऱ्यांदा, माझ्या भाच्याने कॉम्प्युटरची नोकरी सोडून बिअर बनवायचं ठरवलं तेव्हा. मधली पन्नास-साठ वर्षं आम्ही चहावर काढली.

"बनवणार म्हणतोय रे!" ताई फोनवर म्हणाली. "प्यायला लागला असता तर एक वेळ मनाची समजूत घातली असती. ते सुटतं तरी!"

ताईचं खरं दुखणं पुढेच होतं. भावोजी गेल्यावर तिच्या नावावर झालेला कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट चिरंजीवांच्या प्रोजेक्ट रिपोर्टात ‘तारण’ या मथळ्याखाली जाऊन बसला होता. "तू बँकेत आहेस. तू बघ आणि सांग. तू हो म्हणालास तर मी डोळे मिटून सही करते."

मी बँकेत आहे हे खरं. पण कर्ज मंजूर करणारे साहेब काचेच्या पलीकडे बसतात आणि मी काचेच्या अलीकडे. त्यांच्या आणि माझ्यात आजवर झालेली देवाणघेवाण म्हणजे एक स्टेपलर. नातेवाइकांना मात्र ही काच दिसत नाही. शेवटी एका शनिवारी सौ.ला ‘कर्जाच्या पाहणीला जातो’ असं सांगून मी भाच्याच्या स्कूटरवर मागे बसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही.

कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर हा पुण्याचा पूर्वभाग आम्हा पेठेतल्या माणसांना परदेशासारखाच. पहिल्याच ठिकाणी काचेमागे स्टीलच्या पुरुषभर उंच टाक्या उभ्या होत्या. दूध डेअरीत आल्यासारखं वाटून मी जरा सैलावलो. मग एका फळकुटावर सहा छोटे पेले आले. सगळ्यांतलं थोडंथोडं चाखायचं आणि मग काय घ्यायचं ते ठरवायचं. चितळ्यांच्या दुकानात बाकरवडीचा एक तुकडा चाखायला मागून बघा म्हणजे या उदारपणाची किंमत कळेल.

"मामा, यात जादू काही नाही," भाचा सांगू लागला. "बार्लीला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे..."

"म्हणजे नाचणीसत्त्व!" मी म्हणालो.

तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "हो, तसंच." मग ते भरड गरम पाण्यात भिजवतात, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्स नावाची फुलं घालून उकळतात, गार करतात आणि यीस्ट घालून आंबू देतात. हॉप्स हे भांगेच्या कुळातलं झाड, हे त्याने जरा हळू आवाजात सांगितलं. नशा त्यात नाही, नुसता कडवटपणा. दुसऱ्या पेल्यातली गव्हाची बिअर मला चक्क केळ्यासारखी लागली आणि मागून लवंग. मी हिशोबात केळी शोधली. केळं घालतच नाहीत म्हणे. तो वास यीस्ट आपला आपण तयार करतं. कच्चा माल न घेता चव देणारा कामगार मी प्रथमच पाहत होतो. पुण्यातलेच एक बिअरवाले कोकम आणि मीठ घालून बिअर करतात. सोलकढीचा हा दूरचा भाचा म्हणायचा.

पण माझं लक्ष वेधलं ते एका नावाने. पुण्यात २००९ साली जी पहिली मायक्रोब्रुअरी निघाली तिचं नाव ‘डूलाली’. मला वाटलं एखादा आयरिश साहेब असेल. निघाली आपली नाशिकजवळची देवळाली! १८६१ च्या सुमारास इंग्रजांनी तिथे लष्करी छावणी घातली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तिथे पडून राहायचे. बोटी हिवाळ्यात सुटायच्या. चुकून एप्रिलात मुदत संपली, तर पुढची बोट येईपर्यंत ऊन, डास आणि रिकामपण. माणसं भ्रमिष्ट व्हायची. त्यावरून ‘डूलाली टॅप’ हा शब्द त्यांच्या बोलीत गेला. यातला ‘टॅप’ म्हणजे पिंपाची तोटी नव्हे, आपला साधा ताप! देवळालीचा ताप चढला म्हणजे डोकं फिरलं. एवढी चांगली नोकरी सोडून टाक्या घासायला निघालेल्या भाच्याकडे मी बघितलं. निदान बरोबर वाटलं.

यादीत एक ‘इंडिया पेल एल’ होती. तिच्यातला ‘इंडिया’ वाचून माझा ऊर भरून आला. पण घोट घेतला तर कडू कारलं. हिंदुस्थानला जायला सहा महिने लागत, तेवढ्यात बिअर नासू नये म्हणून हॉजसन नावाच्या इंग्रजाने मुद्दाम जास्त हॉप्स घालून ही नवी बिअर शोधून काढली, अशी भाच्याने गोष्ट सांगितली. ही गोष्ट सगळेच सांगतात. मी घरी येऊन आठवडाभर वाचलं आणि गोष्ट पातळ झाली. अशी कडक बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच, ‘इंडिया पेल एल’ हे नाव तर फार नंतर पडलं, आणि ती प्यायचे ते साहेबलोक. साध्या शिपायाच्या वाट्याला काळी पोर्टर.

मला मात्र त्यात जे सापडलं ते भाच्याच्या पुस्तकात नव्हतं. हॉजसनची ब्रुअरी लंडनजवळ बो इथे, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या गोदीपासून जवळ. कंपनीच्या कप्तानांना जहाजात थोडा खासगी माल नेण्याची मुभा असे. तो माल घ्यायला रोकड कुठली? हॉजसन त्यांना बिअर उधारीवर द्यायचा, तीही थोडीथोडकी नव्हे, वर्ष-दीड वर्षाची! कप्तानाने जावं, कलकत्त्या-मुंबईला माल विकावा, परत येऊन पैसे द्यावेत. लोक म्हणतात हॉप्सने बिअर टिकली. बी.कॉम. झालेला माणूस म्हणून मी सांगतो, हॉजसन टिकला तो उधारीने.

आणि बुडाला तोही उधारी बंद करून! १८२० नंतर हॉजसनच्या नातवाला वाटलं, मधले कप्तान कशाला, आपणच माल पाठवू, आपणच विकू. भाव चढवला, उधारी तोडली. कप्तान, व्यापारी, सगळे चिडले. कंपनीचा एक संचालक १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसॉपला भेटला आणि हॉजसनची बाटली दाखवून म्हणाला, असं काही करता का? ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत केला असं सांगतात. बर्टनच्या पाण्यात मुळातच जिप्सम, त्याने ही बिअर आणखी खुलली. दहा-बारा वर्षांत ऑलसॉप आणि बास या दोघा बर्टनवाल्यांनी बंगालची अर्ध्याहून अधिक बाजारपेठ खाल्ली. हॉजसन आज फक्त गोष्टीत उरला आहे.

इथे बिअर करायची तर थंडी हवी. म्हणून इंग्रज डोंगरावर गेला. एडवर्ड डायरने १८५५ साली कसौलीला ब्रुअरी काढली. ही हिंदुस्थानातली बिअरची सुरुवात म्हणून कौतुकाने सांगतात. त्याचा मुलगा रेजिनाल्ड धंद्यात पडला नाही, फौजेत गेला. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर तो हाच. हे वाचल्यावर मी त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही. पोराने बापाचा धंदा चालवला असता तर, असं उगाच मनात येत राहिलं.

स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाईंनी ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात सरसकट दारूबंदी आणली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि कोलनवॉटरसारख्या वस्तू तिच्यातून सोडवल्या, म्हणून अत्तर लावलेल्या मंडळींची सुटका झाली. साठीत वसंतराव नाईकांच्या काळात गाठी सैल झाल्या. १९४९ चा तो कायदा मात्र अजून जिवंत आहे, आणि नियमाप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो, तोही प्रकृतीच्या रक्षणासाठी. आजोबांच्या चमचाभर ब्रँडीचा आणि या फळकुटावरच्या सहा पेल्यांचा कायदा एकच!

पुढच्या रविवारी भाच्याचा रिपोर्ट घेऊन बसलो. बार्लीचे भाव बरोबर, टाक्यांचे बरोबर, वीजसुद्धा बरोबर. अकराव्या पानावर एक ओळ होती : ‘हॉटेलांना माल नव्वद दिवसांच्या उधारीवर.’

"हॉटेलवाल्याने एकशे नव्वदाव्या दिवशी दिले तर?" मी विचारलं.

"देतात रे मामा."

"हॉजसनकडे कप्तान परत यायचे, कारण बोट त्याच्याच दारात लागायची. तुझ्याकडे कशाला येतील? आणि न आले तर टाक्या बँकेच्या आणि फ्लॅटही बँकेचा. आई कुठे राहील, देवळालीला?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पेन घेऊन ‘तारण’ या मथळ्याखालची ओळ त्यानेच खोडली. एका ब्रुअरीत मदतनिसाची जागा आहे म्हणाला. पगार निम्म्याहून कमी, काम टाक्या धुण्याचं. दोन वर्षं ते करून बघतो म्हणाला. मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही. पण त्याच्यासाठी एक एफ.डी. ठेवता येईल का याचा हिशोब त्याच रिपोर्टच्या पाठीवर करायला लागलो होतो, हे सौ.ने पाहिलं.

रात्री ताईचा फोन आला. "काय ते एकदाचं सांग. करू सही?"

"करू नकोस. आणि त्याला अडवूही नकोस."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "तू प्यायलास म्हणे. कशी लागते रे?"

"केळ्यासारखी."

"शिकरणासारखी?"

"साखर कमी."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.