कर्ता हरवलेली वाक्ये : अमेरिकन वृत्तपत्रे, वर्ण आणि पोलिसांचा गोळीबार

वृत्तपत्रातील बातमी हे इतिहासाचे एक प्राथमिक साधन मानले जाते. तथापि, या साधनाचा उपयोग करणाऱ्याने बातमीतील मजकुराबरोबरच तिच्या वाक्यरचनेचीही परीक्षा करणे अगत्याचे असते. घटना कोणाच्या तोंडून सांगितली गेली आणि तिचा कर्ता वाक्यात कोठे आहे, हे दोन प्रश्न त्या परीक्षेत प्रधान होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वृत्तपत्रांनी कृष्णवर्णीयांवरील गुन्ह्यांच्या आरोपांचे आणि कृष्णवर्णीयांवर झालेल्या हिंसेचे जे वार्तांकन केले, त्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील राज्यांत जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याचे, म्हणजेच 'लिंचिंग'चे, प्रकार वारंवार घडत. मृत्यूची चौकशी करणारे पंच अशा प्रसंगी एक ठराविक निर्णय देत : मृत्यू 'अज्ञात इसमांच्या हातून' घडला. मारणारे पुष्कळदा साऱ्या गावाच्या ओळखीचे असत. प्रसंगी प्रेताभोवती उभे राहून ते छायाचित्रेही काढवून घेत. तरीही नोंदीतील कर्ता अज्ञातच राही. याउलट, मृताचा वर्ण बातमीत ठळकपणे येई आणि त्याच्यावरील आरोप सिद्ध झालेल्या गुन्ह्याप्रमाणे लिहिला जाई.

या लेखनाची पद्धतशीर चिकित्सा आयडा बी. वेल्स यांनी केली. मार्च १८९२ मध्ये मेम्फिस शहरात एका जमावाने तीन कृष्णवर्णीयांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. मृतांचा संबंध एका भरभराटलेल्या किराणा दुकानाशी होता. वेल्स यांनी आपल्या 'फ्री स्पीच' या पत्रातून या प्रकाराचा निषेध केला. मे महिन्यात जमावाने त्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त केली. त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून' या गोऱ्यांच्याच पत्राने जमविलेले आकडे वापरले. त्यांनी दाखविले की, जमावाने मारलेल्या ७२८ जणांपैकी केवळ एकतृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. बलात्काराच्या भीतीने लिंचिंगचे समर्थन करणारी वृत्तपत्रे त्यांनी अशा रीतीने वृत्तपत्राच्याच आधारे खोटी पाडली.

विसाव्या शतकात जमावाची जागा पुष्कळ अंशी पोलिसांच्या गोळीने घेतली, आणि पंचांच्या निर्णयाची जागा पोलिसांच्या निवेदनाने. १९६७ च्या दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात वृत्तमाध्यमांसाठी एक स्वतंत्र प्रकरण योजिले. वृत्तव्यवसायातील संपादकीय कामावर असलेल्यांत कृष्णवर्णीय शेकडा पाचांहूनही कमी आहेत, आणि वृत्तपत्रे जगाकडे गोऱ्या माणसाच्या दृष्टीने पाहतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दडून गोळ्या झाडणाऱ्यांविषयीच्या वार्ता अतिरंजित होत्या, हेही त्याने नमूद केले. डेट्रॉइटमध्ये मेलेल्या ४३ जणांपैकी ३३ कृष्णवर्णीय होते.

याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण शिकागोचे आहे. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी एका सदनिकेवर छापा घालून 'ब्लॅक पँथर' पक्षाचे फ्रेड हॅम्प्टन व मार्क क्लार्क यांना ठार केले. आतून गोळीबार झाल्यामुळेच पोलिसांनी गोळ्या झाडल्या, असे सरकारी वकिलाचे म्हणणे होते. 'शिकागो ट्रिब्यून'ने ११ डिसेंबरला सरकारी वकिलाच्या कचेरीकडून मिळालेली छायाचित्रे छापली आणि पँथरांच्या गोळ्यांची म्हणून भोके त्यांत वर्तुळाने दाखविली. पोलिसांनी ती सदनिका मोहोरबंद केली नव्हती. 'सन-टाइम्स'चे बातमीदार तेथे जाऊन पाहतात तो ती भोके नसून खिळ्यांची डोकी होती. पोलिसांनी ऐंशीहून अधिक आणि आतील लोकांनी फार तर एक गोळी झाडली, असे १९७० मध्ये संघीय ज्यूरीच्या चौकशीत आढळले. पूर्वी ज्या पत्राचे आकडे वेल्स यांना उपयोगी पडले, तेच पत्र येथे फसले. कारण एका पत्राने कचेरीतून आलेला कागद प्रमाण मानला, दुसऱ्याने दार जाऊन पाहिले.

'पोलिसांनी गोळी झाडली', 'गोळी झाडली गेली' आणि 'गोळी सुटली' ही तीन मराठी वाक्ये शेजारी ठेवली असता कर्तृलोपाच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. दुसऱ्या वाक्यात कर्ता अध्याहृत आहे; तिसऱ्यात त्याला जागाच उरत नाही. अमेरिकन पोलिसांचा 'अधिकारी-संबंधित गोळीबार' हा शब्दप्रयोग याच जातीचा असून त्यात मारणारा आणि मरणारा दोघेही दिसेनासे होतात. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड मरण पावला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात, पोलिसांशी संबंध आला असता वैद्यकीय घटनेनंतर एक इसम मरण पावला, एवढेच होते. अधिकाऱ्याचा गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ त्याच्या मानेवर होता, हे एका मुलीने टिपलेल्या चित्रफितीमुळे जगाला कळले. २०२१ मध्ये ज्यूरीने त्या अधिकाऱ्यास खुनाबद्दल दोषी ठरविले.

येथे एक आक्षेप संभवतो. घटनेच्या रात्री तथ्ये अपुरी असतात. तेव्हा कर्त्याचा उल्लेख टाळणे ही बातमीदाराची सावधगिरी का मानू नये? ही शंका रास्त आहे, आणि सुटे वाक्य पाहून तिचा निर्णय होणार नाही. कसोटी तुलनेची आहे. ती सावधगिरी कृष्णवर्णीय आरोपीच्याही वाट्याला येते काय ? शिकागोच्या स्थानिक दूरचित्रवाणीवरील बातम्यांचा रॉबर्ट एंटमन यांनी केलेला अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय आरोपी गोऱ्या आरोपींपेक्षा अधिक वेळा पोलिसांच्या पकडीत दाखविले जातात, असे त्यात आढळले. तेव्हा दोष सावधगिरीचा नसून तिच्या विषम वाटपाचा आहे.

अलीकडे काही पत्रांनी स्वतःचे जुने अंक तपासले. लिंचिंगच्या वार्तांकनाबद्दल 'माँटगोमेरी ॲडव्हर्टायझर'ने २०१८ मध्ये, तर आपल्या वर्णभेदी इतिहासाबद्दल 'लॉस एंजेलिस टाइम्स' व 'कॅन्सस सिटी स्टार' यांनी २०२० मध्ये क्षमायाचना केली. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने उपरोक्त 'अधिकारी-संबंधित' हा संदिग्ध शब्द टाळण्याची सूचना दिली. त्यापूर्वी, २०१५ पासून, 'वॉशिंग्टन पोस्ट'ने पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची स्वतंत्र नोंद ठेवण्यास आरंभ केला, तेव्हा संघीय नोंदीत निम्म्याहून अधिक मृत्यू नसल्याचे आढळले. लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक मारले जातात, हेही त्या नोंदीतून स्पष्ट झाले.

या साऱ्यावरून संशोधकास एक मर्यादित पण महत्त्वाचा निष्कर्ष काढता येतो. पोलिसांचे निवेदन हे पोलिसांच्या म्हणण्याचा पुरावा होय. ते घटनेचा पुरावा ठरण्यापूर्वी त्यातील प्रत्येक वाक्याला कर्ता कोण, हे विचारले गेले पाहिजे.